स्पीकर कशाने जळतो?

मागच्या हिवाळ्यात, शाळाशाळांतून स्नेहसंमेलने चालू होती त्या दिवसांत, आमचे एक शिक्षक मित्र रिक्षातून दोन स्पीकर घेऊन आमच्याकडे आले. शाळेच्या सभागृहातली ध्वनियंत्रणा ऐन वेळी बंद पडल्यामुळे त्यांनी आपल्या घरचा संच शाळेत नेला होता. अॅम्प्लिफायर ४० वॅटचा आणि दोन्ही स्पीकर प्रत्येकी ६० वॅटचे. दीड तासाच्या कार्यक्रमात शेवटी लेझीम होती. तिच्या मध्यावर आवाज फाटू लागला. थोड्या वेळाने एका स्पीकरमधून झांजेचा आणि लेझमीचा आवाज येईनासा झाला आणि दुसऱ्यातून नुसती खरखर ऐकू येऊ लागली.

अॅम्प्लिफायरच्या बटणापाशी नववीतला एक मुलगा बसवला होता. साहजिकच सगळा दोष त्याच्या माथी आला. बोलणी खाताना तो एवढेच म्हणाला, "सर, आवाज आपोआप बसत चालला होता, म्हणून मी थोडा थोडा वाढवत गेलो." त्यावर कोणाचाही विश्वास बसला नाही.

दुरुस्तीसाठी आमचे मित्र दोन दुकानांत जाऊन आले. एकाने सांगितले, "अॅम्प्लिफायर स्पीकरला भारी पडला." दुसरा म्हणाला, "अॅम्प्लिफायर हलका होता, म्हणून स्पीकर गेला." आता यातले खरे काय? आणि त्या मुलाचे म्हणणे नुसती सबब होती की त्यात काही तथ्य होते? या प्रश्नांची उत्तरे मिळतात ती दहावीपर्यंतच्या भौतिकीतूनच. ओहमचा नियम, विद्युतधारेचा उष्णता-परिणाम आणि थोडा गुणाकार एवढी सामग्री पुरे.

वॅट जातात कुठे?

आपल्या घरातले बहुतेक स्पीकर एकाच तत्त्वावर चालतात. चुंबकाच्या दोन ध्रुवांमधल्या वर्तुळाकार फटीत तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या बारीक तारेची एक हलकी कॉइल अधांतरी लटकवलेली असते. कॉइल कागदाच्या किंवा प्लास्टिकच्या शंकूला चिकटवलेली असते. कॉइलमधून प्रत्यावर्ती धारा वाहू लागली की चुंबकीय क्षेत्रामुळे तिच्यावर बल येते, ती पुढेमागे हलते आणि शंकू हवा ढकलतो. हलत्या कॉइलचे पेटंट ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ साली घेतले होते. आजच्या स्पीकरचे मूळ रूप मात्र १९२५ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात सापडते. शंभर वर्षांत चुंबक, गोंद आणि शंकू सुधारले. रचना तीच राहिली.

या रचनेतली एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. स्पीकर हे अतिशय अकार्यक्षम यंत्र आहे. घरगुती स्पीकरला दिलेल्या विद्युतशक्तीपैकी शेकडा एक भाग किंवा त्याहूनही कमी भाग ध्वनीत रूपांतरित होतो. उरलेले नव्याण्णव भाग मुख्यतः कॉइलमध्येच उष्णता होऊन बसतात. डाख देण्याचे नेहमीचे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते आणि त्याच्या टोकाशी शिसे-कथील वितळते, हे ध्यानात घेतले म्हणजे स्पीकरला '२५ वॅट देणे' याचा अर्थ कळतो. आपण स्पीकरमध्ये ध्वनी भरतो असे आपल्याला वाटते, पण खरे तर आपण त्यात उष्णता भरतो. ध्वनी हा वरकड लाभ!

ही उष्णता किती झपाट्याने साठते ते पाहू. तांब्याची विशिष्ट उष्णता दर ग्रॅमला, दर अंशाला सुमारे ०.३९ ज्यूल आहे. वूफरमध्ये, म्हणजे खर्जाचे स्वर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरमध्ये, १० ग्रॅम तांबे आहे असे समजू. तिचे तापमान एक अंशाने वाढवायला ३.९ ज्यूल लागतात. ४० वॅट, म्हणजे सेकंदाला ४० ज्यूल दिल्यास आणि उष्णता बाहेर पडू दिली नाही तर तापमान सेकंदाला सुमारे १० अंशांनी चढेल. आता ट्वीटर घ्या. तार स्वरांचा हा लहानसा स्पीकर सेकंदाला हजारो कंपने करतो, म्हणून त्याची कॉइल फारच हलकी ठेवावी लागते. ती पाव ग्रॅमची आहे असे समजू. तिला अंशाला ०.१ ज्यूल पुरतो. म्हणजे नुसत्या १० वॅटने ती सेकंदाला १०० अंशांनी तापेल!

प्रत्यक्षात उष्णता फटीतल्या हवेतून चुंबकाच्या लोखंडाकडे जात राहते, म्हणून तापमान कुठेतरी स्थिरावते. काही ट्वीटरांच्या फटीत चुंबकाने जागीच धरून ठेवलेला एक द्रव भरलेला असतो. हवेपेक्षा तो उष्णता चांगली वाहून नेतो. पण जितकी उष्णता बाहेर जाऊ शकते त्याहून जास्त आत येत राहिली तर आधी गोंद मऊ होतो, मग तारेवरचे लाखेसारखे आवरण करपते, वेढे सुटतात आणि शेवटी तार तुटते. जळका वास येतो तो या टप्प्यावर, आणि तोवर उशीर झालेला असतो.

आम्ही त्या दोन्ही स्पीकरांची तपासणी केली तेव्हा हेच दिसले. आवाज गेलेल्या ट्वीटरच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला, तर रोध अनंत निघाला. तार तुटली होती. दुसऱ्या पेटीतल्या वूफरचा शंकू बोटांनी हलकेच दाबला, तर आतून घासल्याचा आवाज आला. वेढे सुटून फटीत अडकत होते.

कानाचा हिशोब आणि अंतराचा हिशोब

घरी वर्षानुवर्षे सुखाने चाललेला संच सभागृहात दीड तासात का जळावा? कारण आपल्या कानाचा हिशोब वॅटच्या हिशोबापेक्षा वेगळा आहे.

स्पीकरच्या माहितीपत्रकात एक आकडा असतो: १ वॅट दिला असता १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो. घरगुती स्पीकरसाठी ८८ डेसिबल हा नेहमी आढळणारा आकडा आहे. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबलची भर पडते आणि दसपट केली की १० डेसिबलची. यावरून:

१ वॅट : ८८ डेसिबल
१० वॅट : ९८ डेसिबल
२० वॅट : १०१ डेसिबल
४० वॅट : १०४ डेसिबल
८० वॅट : १०७ डेसिबल

आवाज 'दुप्पट मोठा' वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. ३ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम जाणवतो. पण कॉइलच्या दृष्टीने ते दुप्पट तापणे असते. ४० वरून ८० वॅटवर जाताना श्रोत्यांना 'जरासा वाढला' असे वाटते, तेव्हा स्पीकरमधली उष्णता दुप्पट झालेली असते. कानाला न कळता स्पीकर जळतो तो असा.

आता अंतर पाहू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. घरी आपण स्पीकरपासून २ मीटरवर बसतो. सभागृहातला मधल्या रांगेतला मुलगा ८ मीटरवर बसला होता असे समजा. अंतर चौपट, म्हणून आवाज १२ डेसिबलने कमी. तो भरून काढायला १६ पट शक्ती हवी. भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीमुळे सभागृहात प्रत्यक्ष घट याहून कमी होते हे खरे. पण तिथे कलकलाटावर मात करायची असते आणि प्रेक्षकांचे कपडे आवाज शोषून घेतात. म्हणून १६ पट हा आकडा अंदाजासाठी धरायला हरकत नाही. घरी चांगल्या मोठ्या आवाजाला सरासरी १ वॅट पुरत असेल, तर इथे १६ वॅट लागतील.

यावर कोणी म्हणेल, १६ वॅट म्हणजे काही फार नाहीत, अॅम्प्लिफायर तर ४० चा आहे. इथेच खरी मेख आहे. संगीत काही एकसारखे वाहत नाही. डग्ग्यावर थाप पडते, ढोलावर टिपरू पडते, त्या क्षणी शक्ती सरासरीच्या दसपट आणि कित्येकदा त्याहूनही जास्त होते. सरासरी १६ वॅट हवे असतील तर थापेच्या क्षणी १६० वॅट हवेत. ४० वॅटच्या अॅम्प्लिफायरने ते आणायचे कुठून?

आवाज फाटतो तेव्हा

अॅम्प्लिफायरमधला वीजपुरवठा ठरावीक व्होल्टतेचा असतो. बाहेर पडणारा तरंग त्या मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. जास्त मागितले की तरंगाचे माथे आणि तळ सपाट कापले जातात. डोंगराचा सुळका तासून पठार करावे तसे. यालाच आपण 'आवाज फाटला' असे म्हणतो.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. स्पीकर ८ ओहमचा आणि अॅम्प्लिफायर ४० वॅटचा. शुद्ध ज्या-तरंगाची सरासरी शक्ती म्हणजे महत्तम व्होल्टतेचा वर्ग भागिले रोधाची दुप्पट. यावरून ४० वॅटला महत्तम व्होल्टता सुमारे २५ व्होल्ट येते. आता बटण इतके फिरवले की तरंग जवळजवळ चौकोनी झाला. मग व्होल्टता जवळजवळ सारा वेळ २५ वरच राहते. ज्या-तरंगात ती तिथे क्षणभरच पोचत असे. शक्ती आता वर्ग भागिले रोध, म्हणजे ६२५ भागिले ८, सुमारे ८० वॅट. लेबलावर ४० लिहिलेल्या अॅम्प्लिफायरने ८० वॅट दिले! अर्थात त्याचा वीजपुरवठा तेवढा दम धरत असेल तरच. पण ४० पेक्षा पुष्कळ जास्त शक्ती बाहेर पडते हे नक्की.

ट्वीटरवर येणारे संकट आणखी वेगळे असते. चौकोनी तरंगात मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारतेचे स्वर मिसळलेले असतात आणि तेच ट्वीटरला जाळतात, असे नेहमी सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. चौकोनी तरंगाच्या शक्तीपैकी ८१ टक्के मूळ स्वरात असते आणि १९ टक्के या वरच्या स्वरांत. पण मूळ स्वर १०० हर्ट्‌झचा असेल तर ३००० हर्ट्‌झच्या पलीकडे, म्हणजे ट्वीटरच्या प्रांतात, जेमतेम दीड टक्का पोचतो. तेवढ्याने ट्वीटर जळणार नाही.

मोठे कारण दुसरेच आहे. गाण्यातली बहुतेक शक्ती खर्जाच्या आणि मधल्या स्वरांत असते. तार स्वरांच्या वाट्याला थोडीच येते. म्हणून '६० वॅट'च्या पेटीतला ट्वीटर स्वतः पाच-दहा वॅटच पेलण्याच्या बेताने बनवलेला असतो. बटण वाढवत गेले की आधी ढोलाचे माथे कापले जातात. ढोल आता वाढू शकत नाही. पण दोन थापांच्या मधला लेझमीचा छणछणाट अजून मर्यादेच्या आतच असतो. तो बटणाबरोबर वाढतच राहतो. माथा फाटल्यानंतर बटण आणखी १० डेसिबलने फिरवले, तर वूफरची शक्ती फार तर दुप्पट होते, ट्वीटरची मात्र १ वॅटवरून १० वॅटच्या जवळ जाते. मघाचा हिशोब आठवा: १० वॅट, पाव ग्रॅम तांबे, सेकंदाला १०० अंश.

तेव्हा दोन्ही दुकानदारांचे म्हणणे तपासून पाहता येते. पहिल्याचे चुकले, कारण अॅम्प्लिफायर स्पीकरपेक्षा लहानच होता. दुसऱ्याचे निम्मे बरोबर होते. अॅम्प्लिफायर लहान असणे हा काही दोष नव्हे. तोच संच घरी कित्येक वर्षे बिनतक्रार चालला होता. दोष होता त्याच्याकडून त्याच्या आवाक्याबाहेरचे मागण्यात. मोठा अॅम्प्लिफायरही मागितले तेवढेच देतो. जपून वापरल्यास १०० वॅटचा अॅम्प्लिफायर ६० वॅटच्या स्पीकरला इजा करत नाही. उलट थापेच्या क्षणाला त्याच्यापाशी शिल्लक असते, त्यामुळे आवाज फाटत नाही.

आवाज 'बसतो' का?

आता त्या मुलाच्या म्हणण्याकडे वळू. धातूचा रोध तापमानाबरोबर वाढतो. तांब्याचा दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के. ८ ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा मल्टिमीटरने मोजलेला रोध थंड असताना ६ ओहमच्या आसपास भरतो. कॉइल २५ अंशांवरून २०० अंशांवर गेली, तर रोध ६८ टक्क्यांनी वाढून सुमारे १० ओहम होतो. अॅम्प्लिफायर व्होल्टता तेवढीच देत राहतो, म्हणजे धारा कमी होते. धारा कमी म्हणजे कॉइलवरचे बल कमी, आणि बल कमी म्हणजे आवाज कमी. तीन-चार डेसिबलची घट अशा रीतीने सहज होऊ शकते.

म्हणजे आवाज खरोखरच बसत होता! त्यात दोन गोष्टींची भर पडली असणार. सभागृह भरत गेले तसा आवाज जास्त शोषला गेला आणि मोठ्या आवाजात तास-दीड तास बसल्यावर त्याचे स्वतःचे कानही तात्पुरते बधिरले. पण मुलाचे निरीक्षण अचूक होते. चुकला तो निष्कर्ष. आवाज बसणे ही स्पीकरने दिलेली हाक होती, 'मी तापलो आहे' अशी. उतरलेले ३ डेसिबल भरून काढायला त्याने शक्ती दुप्पट केली, कॉइल आणखी तापली, आवाज पुन्हा बसला, त्याने पुन्हा बटण फिरवले. आगीत तेल पडत गेले. या हाकेचा अर्थ त्याला कोणी शिकवला नव्हता. आम्हालाही तो विद्यार्थिदशेत कोणी शिकवला नव्हता.

शंकूची धाव

उष्णतेखेरीज स्पीकर मोडण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो यांत्रिक. तेवढाच आवाज हवा असेल तर स्वराची वारंवारता निम्मी झाली की शंकूला चौपट धाव घ्यावी लागते. १०० हर्ट्‌झला शंकू १ मिलिमीटर हलत असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी ५० हर्ट्‌झला ४ मिलिमीटर हलला पाहिजे. घरगुती वूफरची मोकळी धाव काही मिलिमीटरांचीच असते. त्यापलीकडे कॉइल फटीच्या बाहेर येते, मागे जाताना तळाशी आपटते आणि 'टक्‌' असा आवाज होतो. बासचे बटण शेवटपर्यंत फिरवणे म्हणजे खालच्या स्वरांना १० डेसिबल, अर्थात दसपट शक्ती, वरून देणे. चालू संचाची पिन काढणे किंवा घालणे, चालू मायक्रोफोन खाली पडणे, यांतून येणारा दणकाही असाच घातक असतो.

तिसरे एक कारण दुर्मीळ पण भयंकर आहे. अॅम्प्लिफायरमधला शेवटचा ट्रान्झिस्टर बिघडून आरपार झाला, तर पुरवठ्याची एकदिश व्होल्टता थेट स्पीकरवर येते. ३५ व्होल्ट आणि ६ ओहम धरले तर २०० वॅटहून जास्त, आणि सगळी उष्णता! शंकू एका बाजूला ताणून उभा राहतो आणि काही सेकंदांत धूर निघतो. चांगल्या अॅम्प्लिफायरमध्ये याच्यासाठी रिले बसवलेला असतो. संच चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी 'टिक्‌' असे ऐकू येते ते या रिलेचे. आमच्या मित्रांच्या अॅम्प्लिफायरच्या बाहेरच्या टोकांवर आम्ही एकदिश व्होल्टता मोजली. ती काही मिलिव्होल्टच निघाली, तेव्हा या कारणाला रजा देता आली.

लेबलावरचे वॅट

स्पीकरवर '६० वॅट' लिहिले होते, मग तो त्याच्या आत का गेला असे आमच्या मित्रांनी विचारले. त्याचे उत्तर असे, की वॅट किती वेळ द्यायचे ते सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या मानकात स्पीकरच्या वेगवेगळ्या कसोट्या आहेत. एकीत संगीतासारखा घडवलेला गोंगाट सलग १०० तास द्यायचा असतो, दुसरीत एकेक मिनिट, तिसरीत एकेक सेकंद आणि मध्ये विश्रांती. एकाच स्पीकरला या कसोट्यांत निरनिराळे आकडे मिळतात. जाहिरातीत कोणता छापायचा हे विकणारा ठरवतो. शिवाय तो आकडा सबंध पेटीचा असतो, त्यातल्या ट्वीटरचा नसतो.

अॅम्प्लिफायरच्या आकड्यांचा घोळ तर याहून जुना आहे. अमेरिकेत फुगवलेले आकडे इतके माजले की १९७४ साली तिथल्या व्यापार आयोगाला शक्ती कशी मोजून छापायची याचा नियम करावा लागला. आपल्याकडे १९९० च्या दशकात साध्या टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ' या नावाखाली शेकडो, हजारो वॅट लिहिलेले असत. असा जुना संच शाळेत असेल तर मुलांना त्याची मागची पट्टी वाचायला सांगा. विजेचा वापर कित्येकदा २०-३० वॅटच दिलेला असतो. २० वॅट घेणारे यंत्र १००० वॅट कसे देईल? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा धडा शिकवायला याहून चांगले साधन मिळणार नाही.

बचाव कसा करावा?

पहिला आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कान. आवाज फाटला की बटण लगेच मागे घ्यावे. आवाज बसतो आहे असे वाटले की वाढवू नये. पाच-दहा मिनिटे विश्रांती द्यावी. मोठ्या जागेत बास आणि ट्रेबलची बटणे मध्यावर ठेवावीत. आवाज कमी पडत असेल तर बटण फिरवण्यापेक्षा स्पीकर उंचावर आणि श्रोत्यांच्या जवळ न्यावेत. अंतर निम्मे केले की मोकळ्या जागेत ६ डेसिबल, म्हणजे चौपट शक्ती, फुकट मिळते.

दुसरे, बटण अर्ध्यावर म्हणजे शक्ती अर्धी, हा समज सोडावा. बटण शक्ती दाखवत नाही; आलेल्या संकेताचा किती भाग पुढे सोडायचा एवढेच ते ठरवते. बऱ्याच अॅम्प्लिफायरांना पूर्ण शक्तीसाठी ०.२ व्होल्टचा संकेत पुरतो आणि सीडी प्लेअर महत्तम २ व्होल्टपर्यंत देतो. अशा वेळी बटण मध्यावर येण्याआधीच अॅम्प्लिफायरची मर्यादा संपू शकते. म्हणून एकदा स्वस्थपणे आवाज फाटू लागतो ती जागा शोधावी आणि तिच्या बरेच अलीकडे रंगाचा ठिपका द्यावा.

तिसरा उपाय फ्यूजचा. स्पीकर सलग २५ वॅट पेलतो असे धरले, तर ८ ओहमला धारा निघते २५ भागिले ८ चे वर्गमूळ, सुमारे १.८ अँपिअर. म्हणून स्पीकरच्या तारेत दीड अँपिअरचा शीघ्र फ्यूज घालावा. ट्वीटरसाठी वेगळा घालायचा तर अर्धा ते पाऊण अँपिअरचा. फ्यूज उडाला की त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची आपल्याकडची जुनी सवय इथे सगळे मुसळ केरात घालील. फ्यूजच्याही मर्यादा आहेत. दुप्पट धारा तो थोडा वेळ सहन करतो आणि एका दणक्याने शंकू फाटणार असेल तर त्याला तो पत्ताही लागू देत नाही.

चौथी युक्ती आम्हाला विशेष आवडते. स्पीकरच्या तारेत गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा एकसरीत जोडायचा. थंड असताना त्याच्या टंगस्टनच्या तारेचा रोध एक ओहमहूनही कमी असतो, म्हणून आवाजात फारसा फरक पडत नाही. धारा वाढली की तार तापते आणि रोध सुमारे ७ ओहमपर्यंत चढतो. जास्तीची शक्ती दिवा स्वतःवर घेतो, आणि वर पेटून धोक्याची सूचनाही देतो! सार्वजनिक कार्यक्रमांच्या स्पीकर-पेट्यांत ट्वीटरच्या रक्षणासाठी असे दिवे वापरले गेले आहेत.

वर्गात करून पाहा

एखादा जुना वूफर, ०.१ ओहमपर्यंत दाखवणारा मल्टिमीटर आणि लहान अॅम्प्लिफायर घ्या.

१. दीड व्होल्टचा सेल वूफरला क्षणभर लावा. शंकू एका दिशेने सरकतो. सेल उलटा केला की दुसऱ्या दिशेने. एकदिश व्होल्टता स्पीकरला काय करते ते डोळ्यांनी दिसते. हा प्रयोग ट्वीटरवर करू नये.

२. मल्टिमीटरची दोन टोके एकमेकांना लावून तारांचा रोध मोजा आणि पुढच्या प्रत्येक मोजमापातून तो वजा करा. थंड कॉइलचा रोध टिपून ठेवा. मग माफक आवाजात दहा मिनिटे गाणी वाजवा. अॅम्प्लिफायर बंद करून तारा सोडवा आणि विनाविलंब पुन्हा रोध मोजा. कॉइल काही सेकंदांतच निवू लागते, म्हणून घाई हवी. ६.० चे ७.२ ओहम झाले तर वाढ २० टक्के, भागिले ०.३९, म्हणजे कॉइल सुमारे ५० अंशांनी तापली आहे. आत हात न घालता, थर्मामीटर न लावता तापमान मोजले गेले.

हा प्रयोग शाळकरी वाटला तरी जुनाट नाही. मोबाइल फोनमधल्या नखाएवढ्या स्पीकरचे रक्षण करणारी आजची इलेक्ट्रॉनिक मंडले हेच करतात. कॉइलची व्होल्टता आणि धारा सतत मोजून तिचे तापमान ताडतात आणि ते चढू लागले की आवाज आपोआप उतरवतात.

स्पीकरचा हिशोब करताना कानाचाही करून ठेवावा. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा मानली जाते आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला एक तास, १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. स्पीकरची कॉइल पुन्हा बसवता येते. आतल्या कानातल्या संवेदी पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ज्या आवाजाला घरगुती स्पीकर तापू लागतो, त्या आवाजाला त्याच्याजवळ बसलेल्या मुलांचे कानही धोक्यात असतात.

त्या ट्वीटरची आणि वूफरची कॉइल बदलून झाली. संच पुन्हा जोडायचे काम आमच्या मित्रांनी मुद्दाम त्याच मुलाकडे सोपवले. त्याने दोन्ही वूफरचे थंड रोध मोजून वहीत लिहिले, दिवे जोडले आणि अॅम्प्लिफायरच्या बटणाशेजारी लाल ठिपका दिला. पुढच्या कार्यक्रमाला बटणापाशी कोणी बसायचे, हे विचारण्याची गरज कोणालाच वाटली नाही.